गिधाडांचा हिशेब

ज्यांचे बालपण खेड्यात गेले आणि ज्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे, अशा आमच्या वाचकांना गावाबाहेरचा तो माळ खचित आठवत असेल. गोठ्यातले एखादे जनावर मेले म्हणजे ते ओढून त्या माळावर नेऊन टाकीत. कातडे सोलणारे आपले काम उरकून निघून जात, आणि मग आकाशात कोठून तरी आधी एक, मग चार, मग चाळीस असे काळे ठिपके घिरट्या घालू लागत. अर्ध्या-पाऊण तासात बैलाएवढ्या जनावराची नुसती हाडे उरत. आम्ही मुले दुरून, नाक दाबून तो प्रकार पाहत असू आणि घरी आल्यावर त्याबद्दल आईचे धपाटे खात असू.

तो माळ बहुतेक गावांत अजून आहे. मेलेले जनावर अजून तेथेच पडते. परंतु वर पाहावे तर आकाश रिकामे. आणि खाली पाहावे तर कुत्री. चार-दोन नव्हेत, टोळीच्या टोळी. सायंकाळी शेतावरून परतणाऱ्या बायामाणसांना त्या वाटेने एकट्याने येण्याची भीती वाटते.

गिधाडे कोठे गेली? पुष्कळांनी हा प्रश्न ‘काळ बदलला’ एवढे म्हणून सोडून दिला. काही विद्वानांनी मात्र तो सोडला नाही. आधी पक्षिशास्त्रज्ञांनी, मग गुरांच्या डॉक्टरांनी, मग गणितज्ञांनी आणि सरतेशेवटी अर्थशास्त्रज्ञांनी तो हाती घेतला, आणि जवळजवळ तीस वर्षांत त्याचा छडा लागला. विद्यापीठांतले संशोधन म्हणजे कागदावर कागद चढविणे, असे मानणारे लोक आमच्यात थोडेथोडके नाहीत; आम्हीही एके काळी त्यांतलेच होतो. ज्या संशोधनाचा आपल्या गोठ्याशी, दारातल्या कुत्र्याशी आणि मुलाबाळांच्या जिवाशी इतका निकटचा संबंध आहे, ते आपल्या वाचकांना ठाऊक असावे, म्हणून ही हकिकत थोडी विस्ताराने सांगत आहो.

१९८० च्या सुमारास आपल्या देशात गिधाडे इतकी विपुल होती की त्यांची गणती करावी असे कोणाच्या मनातही येत नसे. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल पक्षी असावा, असे त्या काळचे जाणकार म्हणत. त्याच्या जोडीला लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे अशा आणखी दोन जाती. विमाने उडविणाऱ्यांना तर त्यांचा उपद्रवच वाटे, कारण विमानांवर पक्षी आदळून अपघात होत.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. त्या वेळी शेकडो घरटी त्यांनी मोजली होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा त्यांना निराळाच देखावा दिसला. गिधाडे फांद्यांवर मान खाली टाकून तासन् तास बसलेली, आणि काही तशीच झाडांत अडकून मेलेली. पुढील थोड्याच वर्षांत तेथील घरटी जवळजवळ संपली. हे एका उद्यानापुरते आहे की काय, हे पाहण्यासाठी मोटारीतून देशभर ठराविक रस्त्यांवर फिरून गणना झाली. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९.९ इतकी कमी झाली, असा निष्कर्ष निघाला. सोप्या भाषेत म्हणजे हजारांमागे एक उरले. उरलेल्या दोन जातींचीही शेकडा ९७ च्या आसपास घट झाली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या थोड्या काळात पक्ष्यांची जात ओसरल्याची उदाहरणे फारच थोडी असतील.

मरण्याचे कारण मात्र कळेना. कोणी म्हणे कीटकनाशकांचे विष, कोणी म्हणे अन्नाचा तुटवडा. मान टाकून बसलेले पक्षी पाहून बहुतेकांना एखाद्या साथीच्या रोगाचा, नव्या विषाणूचा संशय आला. तो संशय वाजवीही होता. त्या दृष्टीने पुष्कळ शोधही झाला, पण हाती काही लागले नाही.

कोडे सुटले ते पाकिस्तानच्या पंजाबात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात लिंडसे ओक्स नावाचे पशुवैद्य होते. पेरेग्रिन फंड ह्या संस्थेच्या वतीने त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालापासून तेथील मेलेली गिधाडे उघडून तपासण्यास आरंभ केला. दोनशे एकोणसाठ मृत पक्ष्यांपैकी शेकडा ८५ पक्ष्यांच्या पोटात एकच प्रकार दिसला. हृदय, यकृत, मूत्रपिंड ह्या सर्वांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर! पक्ष्यांच्या विष्ठेत जो पांढरा भाग आपण कोंबड्यांच्या खुराड्यात रोज पाहतो, तो युरिक आम्लाचा असतो. मूत्रपिंडे निकामी झाली की हे आम्ल बाहेर पडत नाही, रक्तात साचते आणि आतल्या अवयवांवर बसते. म्हणजे पक्षी मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते, एवढे निश्चित झाले. कशाने, हे मात्र पुढेच होते. विषाणू तपासले, जंतू तपासले, शिसे-पाऱ्यासारख्या धातू तपासल्या, शेतातली कीटकनाशके तपासली. सर्व निष्फळ.

येथे ह्या पशुवैद्याने जो विचार केला तो आम्हांस ह्या सबंध हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो शहाण्या शेतकऱ्यालाही सुचण्यासारखा आहे. गिधाड काय खाते? मेलेली गुरे. मग गुरांच्या पोटात मरण्यापूर्वी काय जाते, ते पाहावे. त्यांनी गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत जाऊन चौकशी केली: असे कोणते औषध आहे, जे गुरांना सर्रास दिले जाते, जे मूत्रपिंडांस अपाय करू शकते आणि जे अलीकडेच बाजारात आले आहे? एक नाव पुढे आले. डायक्लोफेनॅक.

हे नाव आपल्या घराघरांत परिचयाचे आहे. कंबरदुखी, गुडघेदुखी, दातदुखी ह्यांवर माणसांना हे औषध पुष्कळ वर्षांपासून देत आले आहेत. पुढे त्याच्या पेटंटची मुदत सरली, आपल्याकडील कारखाने ते तयार करू लागले, आणि १९९४ च्या सुमारास किंमत एकदम उतरली. तेव्हा ते गुरांनाही परवडू लागले. म्हैस कासेच्या दाहाने, म्हणजे ‘दगडी’ने तळमळते आहे, बैल लंगडतो आहे, गाईला तिव्याचा ताप आहे: एक सुई टोचली की जनावर तासाभरात उभे राहून चारा खाऊ लागे. आपल्या देशात पुष्कळ जनावरे म्हातारी होऊन दावणीलाच मरतात. त्यांच्या अखेरच्या दिवसांत वेदना कमी व्हाव्यात म्हणूनही ही सुई दिली जाई. त्यात कोणाचा दोष काढावा? जनावराच्या दुःखाचीच ज्याला कळवळ होती, त्यानेच ती टोचून घेतली. औषध दिल्यावर जनावर दोन-तीन दिवसांत मेले तर मात्र ते औषध मांसात शिल्लक राही.

ओक्स ह्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या पंचवीस गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. पंचवीसच्या पंचवीसांत डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेले तेरा पक्षी तपासले. त्यांतील एकातही ते नव्हते. मग ते औषध दिलेल्या म्हशी-बकऱ्यांचे मांस गिधाडांना खाऊ घालून पाहिले. काही दिवसांत पक्षी मेले आणि त्यांच्या पोटात तोच पांढरा थर आढळला. २००४ च्या आरंभी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात हे सर्व प्रसिद्ध झाले. ज्या पक्ष्याचे जठर सडलेले, रोगट मांस सहज पचविते, तो पक्षी माणसाच्या गुडघेदुखीच्या औषधाच्या अल्पशा अंशाने मरावा, हे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

तथापि एक शंका राहिली, आणि ती रास्त होती. सुई टोचल्यावर दोन-तीन दिवसांत मरणारी गुरे अशी असतात तरी किती? शेकड्यात एखादे. मग तेवढ्यावर कोट्यवधी गिधाडे कशी संपतील? ह्या शंकेचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणारे नव्हते. ते गणिताने दिले. इंग्लंडमधील केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ सालीच हा हिशेब मांडला. त्यांचे समीकरण येथे देण्याचे कारण नाही, पण त्याचे तत्त्व सातवीतल्या मुलालाही पाटीवर मांडता येईल. ते आमच्या पद्धतीने मांडून दाखवितो.

गिधाड रोज खात नाही. तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरू. म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणे. आता समजा, ३०० मृत जनावरांपैकी अवघ्या एकात हे विष आहे. एका जेवणात वाचण्याचा संभव ३०० पैकी २९९, म्हणजे जवळजवळ निर्धास्तच. पण हीच परीक्षा गिधाडाला वर्षातून १२० वेळा द्यावी लागते. ३०० पैकी २९९ हा अपूर्णांक स्वतःनेच १२० वेळा गुणला तर उत्तर येते सुमारे ०.६७. म्हणजे शंभर गिधाडांपैकी तेहतीस एका वर्षात मरणार! हजार पक्षी घेतले तर पहिल्या वर्षाअखेर ६७० उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर साडेचारशे, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशे, पाचव्या वर्षाअखेर एकशे पस्तीस आणि दहाव्या वर्षाअखेर अठरा. नवी पिले ही तूट भरून काढतील म्हणावे, तर गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. शिवाय गिधाडे कळपाने जेवतात. एक विषारी जनावर एकाच वेळी डझनावारी पक्षी मारते.

३०० हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला. ग्रीन ह्यांच्या हिशेबाप्रमाणे १३० ते ७६० मृत जनावरांपैकी एखादे विषारी असले तरी प्रत्यक्षात दिसलेली सर्व घट घडून येऊ शकते. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. नंतर २००४ व २००५ मध्ये आपल्या देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले गेले. शेकडा १० नमुन्यांत डायक्लोफेनॅक निघाले. गणिताला लागत होते त्याच्या कितीतरी पट. तेथे शंका संपली.

पारशी बांधवांवर ह्या प्रकाराने कोसळलेले संकट निराळेच होते. मृतदेह अग्नीला किंवा मातीला न देता गिधाडांना द्यावा, हा त्यांचा शतकानुशतकांचा धर्माचार. मुंबईच्या मलबार हिलवरील डुंगरवाडीत गिधाडे येईनाशी झाली तेव्हा सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवून काम चालवावे लागले, आणि ते कितपत योग्य ह्यावर त्या समाजात अद्याप वाद आहेत. आपल्या आप्ताच्या अखेरच्या संस्कारातच असा व्यत्यय यावा, ह्याचे दुःख कोणत्याही धर्माच्या माणसाला समजण्यासारखे आहे.

आता अर्थशास्त्रज्ञांकडे वळू. गिधाडे नाहीशी झाल्यावर माळावरचे मांस कोठे गेले? काही कुजले. काही नदीनाल्यांत फेकले गेले आणि पिण्याचे पाणी नासले. बरेचसे कुत्र्यांनी आणि उंदीर-घुशींनी खाल्ले. गिधाड हाडे स्वच्छ करून उडून जाते; कुत्रे अर्धे खाते, अर्धे टाकते, आणि त्या माळाच्या आसऱ्याने पिलावळ वाढविते. २००८ साली अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अंदाज प्रसिद्ध केला. १९९२ ते २००६ ह्या काळात गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली, त्यांनी किमान ३ कोटी ८५ लाख जादा चावे घेतले आणि पिसाळ रोगाने सुमारे ४७ हजार माणसे अधिक दगावली, असे त्यांचे म्हणणे होते.

हा हिशेब एकट्या पिसाळ रोगाचा. २०२४ साली शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन ह्यांनी प्रश्न अधिक व्यापक रीतीने विचारला. त्यांनी देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांची दोन भागांत वाटणी केली. एका भागात पूर्वापार गिधाडे राहण्याजोगे जिल्हे; दुसऱ्या भागात गिधाडांचा फारसा वावर नसलेले जिल्हे. १९९४ पूर्वी दोन्ही भागांतील मृत्यूचे प्रमाण साधारण बरोबरीने चालत होते. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते वाढू लागले. दुसऱ्यांत तसे झाले नाही. ही वाढ शेकडा ४ हून अधिक होती. त्याच जिल्ह्यांत कुत्री वाढली, पिसाळ रोगाच्या लशींचा खप वाढला आणि पाण्याची प्रत घसरली. गुरे पुष्कळ आणि वस्ती दाट अशा शहरी भागांत हा परिणाम सर्वांत तीव्र दिसला. २००० ते २००५ ह्या अवधीत दरवर्षी सुमारे एक लाख, म्हणजे एकंदर सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

खरे सांगावयाचे तर पहिल्याने वाचला तेव्हा हा आकडा आम्हांस अतिशयोक्त वाटला. पाच लाख माणसे, आणि तीही पक्षी गेले म्हणून! वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे की हा अंदाज आहे; ही पाच लाख नावांची यादी नव्हे, आणि अमुक माणूस गिधाडांअभावी मेला असे कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले नाही. परंतु त्यांच्या मांडणीतील एक गोष्ट आमच्या मनाला पटली. दुष्काळ, महागाई, नवे रोग ही संकटे दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांवर सारखीच यावयाची. मग वाढ एकाच प्रकारच्या जिल्ह्यांत का व्हावी, आणि तीही त्याच वर्षांपासून? ह्या प्रश्नाला गिधाडांवाचून दुसरे समाधानकारक उत्तर आम्हांस सुचत नाही.

सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी केली. पण औषधाच्या दुकानांत माणसांसाठी त्याच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या मिळतच होत्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. मोठी बाटली म्हणजे बैलाची मात्रा, हे सगळ्यांना ठाऊक होते. मागच्या दाराने तोच व्यवहार चालू राहिला. शेवटी २०१५ साली माणसांसाठीही एका मात्रेचीच कुपी विकावी, असा नियम झाला. औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली तो नियम कायम ठेवला.

बंदीने गुराला वेदनेत तसेच ठेवावे काय? मुळीच नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाचे गेरी स्वॅन आणि आपल्याकडील संशोधक ह्यांनी मिळून दुसऱ्या एका औषधाची परीक्षा केली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मेलॉक्सिकॅम. गुराला तितकाच आराम, आणि गिधाडाला अपाय नाही. पुढे टॉल्फेनॅमिक ॲसिड हेही निर्धोक ठरले. उलट किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही डायक्लोफेनॅकचीच भावंडे निघाली. त्यांच्यावर गुरांपुरती बंदी यावयास २०२३ साल उजाडले. निमेसुलाइडही गिधाडांना मारक असल्याचे आढळले आहे. एक नाव बंद केले की त्याच गुणाचे दुसरे नाव दुकानाच्या फळीवर येते, हा अनुभव आहे. म्हणून नावे आम्ही मुद्दाम पूर्ण लिहिली आहेत.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. गुरांचा डॉक्टर किंवा गावातला सुई टोचणारा दारात आला म्हणजे ‘दुखण्यावरचे कोणते औषध देता?’ एवढे विचारावे आणि बाटलीवरचे नाव वाचावे. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून वाचवून घ्यावे. ‘मेलॉक्सिकॅम द्या’ असे म्हणण्याचा प्रत्येक गुरेवाल्याला अधिकार आहे. ते महागही नाही. आणि दुसरे एखादे औषध टोचल्यावर आठवडाभरात जनावर मेले, तर ते माळावर न टाकता खोल खड्डा खणून पुरावे. खड्डा खणण्याचे श्रम मोठे आहेत, हे आम्ही जाणतो. चार घरच्यांनी हात लावला तर ते एका सकाळचे काम आहे.

कुत्र्यांचे काय? गिधाडे उद्या परत यावयाची नाहीत, आणि कुत्री तर आज दारात आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये देशभर घरोघर पाहणी केली. तिच्यावरून आपल्या देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख माणसांना जनावरे चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे पिसाळ रोगाने मरतात, असा अंदाज निघाला. चार चाव्यांतील तीन कुत्र्यांचे. आणि ज्याने आम्ही अस्वस्थ झालो ती गोष्ट अशी की चावलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांनी लशीची एकही सुई घेतली नव्हती. हा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही. उमटण्यापूर्वी मात्र तो जवळजवळ नक्की टाळता येतो. लुई पाश्चर ह्यांनी पॅरिसमध्ये जोसेफ मैस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली ती १८८५ साली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्या गावांत जखमेला चुना, तिखट, हळद लावून घरी बसणारे लोक आहेत. तसे करू नये. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस तेथे मोफत मिळते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत टोचावयाचे वेगळे औषधही मागून घ्यावे. सांगितलेल्या सर्व सुया पुऱ्या कराव्यात. बरे वाटते म्हणून तिसरी-चौथी चुकवू नये.

कुत्री मारून टाका, असे रागाच्या भरात म्हणणारे पुष्कळ भेटतात. गोव्याने दुसरा मार्ग धरला आणि तो यशस्वी करून दाखविला. २०१३ पासून तेथे ‘मिशन रेबीज’ ह्या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने काम आरंभिले. मोबाइल फोनवरील नकाशे हाती घेऊन माणसे वाडीवाडी, गल्लीगल्ली हिंडत. कोणते कुत्रे टोचले, कोणती गल्ली राहिली ह्याची नोंद जागच्या जागी होई. पाळीव कुत्र्यांबरोबर रस्त्यावरची कुत्रीही जाळ्यांत धरून टोचली. ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना, म्हणजे शेकडा ७० कुत्र्यांना लस दिली गेली. वर्षाकाठी दीड लाख शाळकरी मुलांना कुत्रे चावल्यास काय करावे हे शिकविले गेले. २०१९ पर्यंत कुत्र्यांतील पिसाळ रोगाचे दरमहाचे प्रमाण शेकडा ९२ ने उतरले आणि माणसांतील मृत्यू थांबले. येथेही गणिताचाच हात आहे: दहांतील सात कुत्री रोगमुक्त राहिली तर पिसाळलेल्या कुत्र्याला पुढचे भक्ष्य मिळण्याआधीच ते मरते, आणि रोगाची साखळी तुटते. दहाही कुत्री धरण्याची जरुरी नाही. आपल्या गोव्याच्या वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात ही मंडळी जाळी घेऊन आली असतील, त्यांनी ह्या कामाला कळत-नकळत हातभारच लावला आहे.

गिधाडांची वार्ता अगदीच वाईट नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत उताराचा वेग थांबल्यासारखा दिसला. मध्य प्रदेशात २०२५ सालच्या गणनेत सर्व जातींची मिळून बारा हजारांहून अधिक गिधाडे आढळली. ग्वाल्हेरकडचे वाचक ओरछ्यास गेले तर बेतवेच्या काठी जुन्या छत्र्यांच्या शिखरांवर बसलेली लांब चोचीची गिधाडे त्यांना आजही दिसतील. बडोद्याकडील वाचकांसाठी वार्ता तितकी चांगली नाही: गुजरातेत २००५ साली २,६४७ गिधाडे मोजली होती, ती २०२२ साली अवघी ३२० उरली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावास पांढऱ्या पाठीची थोडी गिधाडे झाडांवर घरटी करून आहेत आणि गावकरी त्यांची राखण करतात.

हरियाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वनखाते मिळून गिधाडांचे संवर्धन केंद्र चालवितात. विभू प्रकाश ह्यांनी तेथे पुष्कळ वर्षे काम केले. मोठमोठ्या पिंजऱ्यांत जोड्या राहतात, वर्षाला एक अंडे घालतात, आणि त्यांना खाऊ घालावयाच्या मांसात घातक औषध नाही ह्याची दक्षता घ्यावी लागते. तेथे वाढलेले पांढऱ्या पाठीचे काही पक्षी २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ताडोबा व पेंच येथे आणले गेले. काही महिने त्यांना तेथल्या जंगलातच पिंजऱ्यात ठेवून परिसराची सवय लावली, पाठीवर ठावठिकाणा कळविणारी लहान यंत्रे बांधली आणि मग दारे उघडली. ते पक्षी आता कोणत्याही गावाच्या माळावर उतरू शकतात.